मायचा गोरा फोटो

हंसाबेनच्या फ्रीजमध्ये आमच्या घरचं काही ठेवायचं म्हणजे आधी तपासणी व्हायची. सुरतेत लिंबायतच्या आमच्या गल्लीत त्यांची खोली आमच्या भिंतीला भिंत लागून होती, आणि गल्लीत फ्रीज काय तो त्यांच्याचकडे. बाईंचं मन मोठं होतं. कोणी दुधाचं पातेलं आणून ठेवो, कोणी आजारी पोराचं औषध, त्या नाही म्हणायच्या नाहीत. फक्त झाकण उघडून वास घ्यायच्या आणि विचारायच्या, "इंडा तो नथी ने?" अंडं नाही एवढं कळलं की निर्धास्त. मी नेली होती ती काळ्या प्लॅस्टिकची बंद डबी, आणि वर अट अशी की ती उघडायची नाही. हंसाबेननी ती कानाशी धरून हलवली, हातावर तोलली आणि माझ्याकडे रोखून पाहिलं. फोटोचा रोल आहे, थंड ठेवावा लागतो, असं मी माझ्या हिंदी-गुजराती खिचडीत सांगितलं. "फोटो को भी गरमी लगती है?" असं म्हणून त्यांनी डबी कैरीच्या लोणच्यामागे ठेवली खरी. रोलवरचा थर जिलेटिनचा असतो आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात, हे मला तेव्हा ठाऊक होतं. मी बोलले नाही. आता त्या नवसारीला मुलाकडे असतात, अजून अधूनमधून फोन करतात, आणि अजूनही मी बोललेले नाही.

रोल साधा असता तर ही सगळी उठाठेव करावी लागली नसती. मी त्या वेळी उधन्याच्या रस्त्यावर रमणीककाकांच्या फोटो स्टुडिओत कामाला होते. काकांना बाई माणूस हवंच होतं, कारण लग्नाच्या मुलींचे फोटो काढताना पदर नीट करायला, हनुवटी वर करायला पुरुषाचा हात चालायचा नाही. हळूहळू मी कॅमेरा धरायला शिकले, डार्करूमची कामं शिकले, आणि माझं खास काम झालं पेन्सिलीचं. निगेटिव्हवर चेहऱ्याच्या जागी बारीक टोकाची पेन्सिल हलक्या हाताने फिरवायची. जिथे शिसं लागतं तिथे छापलेल्या फोटोत चेहरा उजळतो. जळगावपासून नवापूरपर्यंतच्या किती सासरांनी माझ्या पेन्सिलीच्या भरवशावर होकार दिले असतील, देव जाणे. हल्ली माझी नात मोबाईलवर एक बोट फिरवते आणि सगळं घर गोरंपान करून टाकते. मी एकेका गालाला अर्धी दुपार घालवलेली आहे, त्यामुळे मला तिचा थोडा हेवाच वाटतो.

तर काकांचा भाचा परदेशातून आला होता, त्याच्याकडे हा रोल होता. इन्फ्रारेड म्हणे. आपल्या डोळ्यांना न दिसणारा उजेड त्यावर उमटतो. हिरवी झाडं पांढरी येतात, निळं आकाश काळं येतं, आणि माणसांचे चेहरे दुधासारखे. मी मध्येच विचारलं, कोणाचेही? तो म्हणाला, कोणाचेही, काळा असो गोरा असो, सगळे दूधच. काकांचे डोळे चमकले, कारण त्यांना स्टुडिओच्या दारावरची नवी पाटी दिसायला लागली. जाताना भाचा रोल आमच्या टेबलावर ठेवून गेला. काका म्हणाले, "शोभा, तू ट्राय कर. बिगड्या तो बिगड्या." मला मात्र पाटीबिटी काही दिसत नव्हती. मला माय दिसत होती.

माय म्हणजे माझी आई. ती काळी होती. सावळी, गव्हाळ वगैरे म्हणायची गरज नाही, चांगली तव्यासारखी काळी होती, आणि माझ्या वडिलांना, आप्पांना, त्याचं काही वाटत नव्हतं, मलाही नाही. वाटत होतं ते तिला. लग्नानंतर गावाकडे सगळ्या कुटुंबाचा फोटो काढला होता. उन्हात पांढऱ्या भिंतीपुढे सगळ्यांना उभं केलं, आणि त्या फोटोत मायच्या जागी नुसता एक काळा डाग आला. नाक नाही, डोळे नाहीत. तिची थोरली जाऊ सगळ्यांपुढे म्हणाली, "हाई कोन शे व, कोयसानी गोणी?" कोळशाच्या गोणीवर सगळे हसले, मायही हसली. त्या दिवसापासून ती फोटोला बसली नाही. आमच्या घरातल्या फोटोंत माय शोधायची तर कुठे तिचं कोपर सापडतं, कुठे ताट धरलेला हात, कुठे दारामागे गेलेला पदराचा काठ. फोटो काढायचा म्हटलं की तिला हटकून चुलीवरचं काहीतरी आठवायचं. स्टुडिओत काम करणाऱ्या पोरीच्या घरी तिच्याच आईचा फोटो नाही, ही गोष्ट मला डाचत होती. पुढे कधीतरी ती नसेल आणि माझ्या हातात फक्त एक कोपर उरेल, ही भीती मला तेव्हाच, त्या वयातच, बसली होती.

आमची खोली एकच, पण तिच्यात आवाज भरपूर. मागच्या बाजूला लूमचं खातं, म्हणजे यंत्रमागांचा कारखाना होता, त्याची खटखट दिवसभर भिंतीतून यायची. बंद पडली तरच आम्ही दचकायचो. आप्पा सचिन गावच्या डाइंग मिलमध्ये कापड रंगवायचे. त्यांच्या नखांचा रंग बघून मिलमध्ये कोणत्या रंगाचा माल चालू आहे ते सांगता यायचं. माय साड्यांना खडे चिकटवायचं काम घरी आणायची, त्यामुळे भाकरीतसुद्धा कधी एखादा खडा लकाकायचा. जेवायला कळण्याची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांग्याचं भरीत. आप्पांना पगार झाला की शेवभाजी, इतकी तिखट की हंसाबेन पलीकडून शिंकायच्या. त्या आम्हाला थंडीत पोंक पाठवायच्या, बारीक शेव आणि लिंबू घालून, कौतुकाने झाकून. माय एक घास खाऊन म्हणायची, अगं हा तर आपला हुरडा, याचं एवढं काय, आणि मग वाटी चाटूनपुसून परत द्यायची. परत देताना वाटी रिकामी द्यायची नाही म्हणून त्यात भरीत घालायची. हंसाबेन त्यातला कांदा-लसूण मुकाट्याने खायच्या. अंड्यापुरतंच त्यांचं शास्त्र होतं.

मी मायला रोलची गोष्ट सांगितली तेव्हा ती भाकरी थापत होती. तिने भाकरी उलटली, फुगवली, टोपल्यात टाकली. पुढचा उंडा घेतला. मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "खरंच गोरी दिससू का मी?" मी म्हटलं, दुधासारखी. तिने परातीत पीठ जरा जास्तच घेतलं आणि म्हणाली, "बरं. बसू मग." तिचं ते विचारणं मला आजही आठवतं. चाळिशी उलटलेली बाई, घरभर हुकूम चालवणारी, आणि आवाज एखाद्या शाळकरी पोरीचा.

हा रोल कॅमेऱ्यात भरायचा तो पूर्ण अंधारात, म्हणून मी डार्करूममध्ये लाल दिवासुद्धा बंद करून चाचपडत भरला. भिंगापुढे गडद लाल काच लावायची. ती इतकी गडद की एकदा लावली की कॅमेऱ्यातून काहीच दिसत नाही. म्हणजे आधी बघून घ्यायचं, मग काच लावायची आणि देवाचं नाव घेऊन बटण दाबायचं. पहिले फोटो मी तापीकाठच्या झाडांचे काढले. आमच्या गावाकडूनच वाहत येणारी नदी ती. माय म्हणायची, आपल्या आधी आपलं पाणी सुरतेला आलं. थंडीतलं स्वच्छ ऊन होतं, आणि आपण काय काढतो आहोत ते काढणाऱ्यालाच दिसत नाही, याची मला भारी गंमत वाटत होती. येणारे-जाणारे थांबून विचारायचे, बेन, काय आहे तिथे? मी म्हणायचे, जे दिसत नाही ते. ते पुढे निघून जायचे.

मग मायची पाळी. गल्लीच्या टोकाला मोकळ्या प्लॉटमध्ये कडुनिंब होता, तिथे खुर्ची नेली. माय तयार होऊन आली तेव्हा मी बघतच राहिले. आप्पांनी मिलमधून आणलेली गडद जांभळी साडी तिने नेसली होती. हा रंग आप्पांनी स्वतःच्या हाताने चढवलेला होता आणि ती साडी सणालाच बाहेर निघायची. डोक्यावरून पदर गळ्यापर्यंत घट्ट ओढलेला. कपाळाला कुंकू असं ठसठशीत की लांबूनही दिसावं. हंसाबेन ओट्यावरून ओरडल्या, "वाह, नवी वहू!" माय लाजली आणि लगेच रागावली. मी तिला म्हटलं, हलू नको, मला काच लावल्यावर तू दिसणार नाहीस. ती म्हणाली, "माले तरी कोठे दिसस मी." आणि खुर्चीत पुतळ्यासारखी बसली. उरलेला सगळा रोल मी तिच्यावर संपवला.

निगेटिव्ह धुतल्यावरच काहीतरी विलक्षण आहे हे कळलं होतं, पण कागद औषधाच्या तबकात टाकला आणि चित्र उमटायला लागलं तेव्हा काका शेजारी उभे होते. आधी झाड उमटलं, पांढरंशुभ्र, पानापानाला कापूस फुटल्यासारखं. आम्ही दोघांनी एकदम "अरे वा" केलं. मग चेहरा आला. गोरा म्हणावा तर तसा गोराच, पण मेणाचा असावा तसा गुळगुळीत. ओठ जवळजवळ नाहीत, डोळे मात्र काळेभोर आणि खोल. "आ तो भूत छे!" काका म्हणाले आणि त्यांच्या मनातली पाटी तिथल्या तिथे उतरली. मला भुताचं काही वाटलं नाही, मी हसलेसुद्धा. मायचे डोळे, मायचं नाक पहिल्यांदाच कागदावर बघून मी इतकी हरखले होते की पुढचं मला दिसलंच नाही. फोटो वाळवला, पाकिटात घातला, वाटेत पाव किलो जिलेबी घेतली आणि घरी गेले.

मायने हात पदराला पुसून फोटो घेतला. दाराशी उजेडात नेला. "हाई कोन शे?" तिने विचारलं. मग जवळ धरून बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. "मन्हं कुकू कोठे गयं?" मी वाकून बघितलं. कुंकू नव्हतं. एवढं ठसठशीत लावलेलं कुंकू, त्याचा लालपणा रोलला दिसलाच नव्हता. आणि साडी पांढरी होती. जांभळ्याचा मागमूस नाही, डोक्यापासून पायापर्यंत पांढरं लुगडं आणि मोकळं कपाळ. मंगळसूत्र पदराखाली. असं रूप आमच्याकडे कोणत्या बाईचं असतं ते कोणी सांगायला नको होतं. "तुन्हा बाप जित्ता शे व," माय म्हणाली, "नि तुनी माले पांढरं लुगडं नेसाडी दिधं?" मी रोलचं शास्त्र सांगायला लागले. सांगताना मलाच कळत होतं की हे शास्त्र या घरात काही कामाचं नाही. माय कोपऱ्यात जाऊन बसली. मागे लूमची खटखट चालू होती, जिलेबी पाकिटात गार होत होती. आता माय जन्मात फोटोला बसणार नाही, आणि हे मीच करून ठेवलंय, एवढं मला स्वच्छ कळलं. मला रडू आलं.

तेवढ्यात आप्पा कामावरून आले. त्या दिवशी नखं हिरवी होती. घरातली शांतता बघून त्यांनी आधी माझ्याकडे, मग मायकडे बघितलं, आणि जमिनीवर पडलेला फोटो उचलला. आप्पांनी फोटो लांब धरला, जवळ धरला, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "अरे, हाई ते ग्रे शे!" ते म्हणाले. मिलच्या भाषेत न रंगवलेल्या, कोऱ्या कापडाला ग्रे म्हणतात. "मन्हा रंग कोठे गया? आठ घंटा उभा ऱ्हाईसन चढायेल रंग, नि हाई पोरनी धुई टाका?" त्यांना लुगडं पांढरं दिसलंच नव्हतं. त्यांना कापड बिनरंगी दिसलं होतं, आणि त्याचंच त्यांना मनापासून वाईट वाटत होतं. मला आधी हसू फुटलं, मग आप्पांना. ते मायला म्हणाले, अगं मी इथे उभा आहे, माझा रंग उडाला तरी मी उडालो नाही. माय हसली नाही. पण उठली.

ती देव्हाऱ्यापाशी गेली आणि कुंकवाचा करंडा घेऊन आली. फोटो मांडीवर ठेवला. तिचा विचार सरळ होता, रोलने कुंकू खाल्लं असेल तर आपण परत लावायचं. बोट करंड्यात बुडवून तिने फोटोच्या कपाळाकडे नेलं आणि अर्ध्यातच थांबवलं. "आठे ते काहीतरी शे," ती म्हणाली. कुंकू होतं त्या जागी, भुवयांच्या मध्ये, एक बारीक काळा ठिपका होता. तिने दुसऱ्या बोटाने तो घासला. जाईना. तिला वाटलं कागदाचा डाग. मलाही आधी तसंच वाटलं. मग मी हनुवटीकडे बघितलं, तर तिथे तीन ठिपके. मांडीवर ठेवलेल्या हातांकडे बघितलं, तर मनगटावर पूर्ण तुळशीचं झाड, पानापानासकट, जणू आजच काढलेलं. मायच्या हातावर काहीतरी हिरवट आहे एवढंच मला माहीत होतं. काळ्या रंगात ते गोंदण इतकं विरघळलं होतं की झाड आहे हे मी कधी ओळखलंच नव्हतं. रोलने कातडीचा रंग पुसला होता, पण गोंदणातली काजळी तशीच ठेवली होती. आणि कपाळावरचं तर तिलाही कित्येक वर्षांत दिसलं नव्हतं. रोज सकाळी आरशात बघून त्याच्यावरच ती कुंकू लावत आली होती.

"हाई मन्ही मायनं गोंदाडेल शे," माय म्हणाली. ती लहान असताना जत्रेत गोंदणारीण बसली होती. आजीने पदरात बांधून आणलेली बाजरी तिच्यापुढे ओतली आणि पोरीचं डोकं मांडीत घट्ट धरलं. माय ओरडत होती आणि आजी म्हणत होती, रडू नको, बाकी सगळं लोक काढून घेतील, एवढं तुझं राहील. आजी गेली तेव्हा माय सुरतेत होती, तार उशिरा मिळाली, तिला तोंड बघायला मिळालं नाही. हे सगळं तिने मला त्याआधी कधीच सांगितलं नव्हतं. सांगताना ती फोटोतल्या ठिपक्यावर बोट ठेवून होती. मग रडली, चांगलं मोकळं रडली. आप्पा तिच्याजवळ बसले आणि मी पाकीट उघडून तिघांना जिलेबी वाढली, कारण दुसरं काय करावं ते मला सुचेना. मायने खाल्ली.

पुढे कितीतरी वर्षांनी मी वाचलं की जुन्या चित्रांच्या रंगाखालच्या काळ्या रेघा असाच उजेड वापरून बघतात. वाचून मला वाटलं, हे आम्हाला लिंबायतमध्ये कुंकवाच्या करंड्यापाशी कळलं होतं. त्या वेळी मात्र मला एवढंच कळत होतं की माय तो फोटो फाडणार नाही. तिने तो जांभळ्या साडीच्या घडीत ठेवला, कोणाला दाखवायचा नाही अशी ताकीद देऊन.

नंतर एका सकाळी खडे चिकटवता चिकटवता ती म्हणाली, "साधा रोल शे का तुन्हाजोडे?" मी म्हटलं आहे की. "मग टाक. मी जशी शे तशी काढ." मी लगेच कॅमेरा आणला. तीच साडी, तेच कुंकू. फक्त या वेळी पदर गळ्याशी ओढलेला नव्हता आणि हाताच्या बाह्या तिने वर सारल्या होत्या. खुर्ची तिने स्वतःच सावलीतून उन्हात ओढली. कॅमेऱ्यातून मला ती पूर्ण दिसत होती, काळी, ठणठणीत, माझ्याकडे रोखून बघणारी. तिने डोळे चुकवले नाहीत. मीच बटण दाबायचं विसरले. "काढ ना व, भाकरी टाकानी शे माले," ती म्हणाली, आणि मी काढला.

फोटो छापायच्या दिवशी ती न सांगता स्टुडिओत आली. आधी कधी पाऊल टाकलं नव्हतं. काकांनी उठून खुर्ची दिली, मला गुजरातीत हळूच विचारलं की निगेटिव्हवर थोडी पेन्सिल फिरवायची का. मी नको म्हटलं. मायला आत नेलं, दार लावलं, लाल दिवा लावला. ती औषधांच्या वासाने नाक मुरडून तबकावर वाकली. कोरा कागद औषधात डुलत होता. मी सांगितलं, बघत रहा. काही वेळ काहीच झालं नाही. मग केस उमटले, मग डोळे, मग भरभर सगळा चेहरा, गडद, नाकाच्या शेंड्यावर ऊन घेऊन, आणि कपाळावर कुंकू. मायने माझं मनगट घट्ट पकडलं.

"दख व पोर," ती म्हणाली, "मी उनू!"

"हो माय," मी म्हटलं, "आलीस."